आडी महिन्यात आम्ही जावयाला बाहेर पाठवलं

माझा नवरा श्रीलंकेचा, जाफनाकडचा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण इथे कुंभकोणात ते कळलं की माणसं पहिलं हेच विचारतात, "कॅम्पातला का?" नाही हो, निर्वासितांच्या कॅम्पातला नाही. पासपोर्ट घेऊन, विमानात बसून, आपल्या आईला नवग्रहांची देवळं दाखवायला आलेला माणूस. व्हॅनमध्ये सगळी म्हातारी माणसं आणि त्यांत हे एकटे तरणे, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेले.

मी तेव्हा पितळेच्या भांड्यांच्या दुकानात होते. नववीत असताना अप्पा गेले, शाळा सुटली, आणि मी समया पुसायला लागले ती तिथेच. यांच्या आईला समई हवी होती. त्या बोलत होत्या ते तमिळ मला गाण्यासारखं वाटलं, मला हसू आलं, त्या म्हणाल्या, "हसतेस काय गं, समई दाखव." समई घेऊन गेल्या. संध्याकाळी हे एकटेच परत आले, म्हणाले बदलून हवी. मी वरखाली करून पाहिली, पुसून पाहिली, कुठे काही झालेलं नव्हतं.

"काय बिघडलंय हिचं?" मी विचारलं.

"काही नाही. व्हॅन उद्या सकाळी निघणार आहे."

मालक गल्ल्यावरून ओरडले, "अगं समई बदल नाहीतर मन बदल, पण दार अडवून ठेवू नका!" दुकानातल्या पोरी महिनाभर मला समई म्हणून हाक मारत होत्या.

मग फोन. मग हे पुन्हा आले, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी घरी आले आणि आईसमोर ओट्यावर बसले. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आम्ही मराठी माणसं, तंजावरच्या राजांच्या वेळी कोणीतरी पूर्वज आला आणि राहिला, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आईला जावई मराठीच हवा होता. ती आत येऊन मला म्हणाली, "तमिळ तर तमिळ, पण तो इकडचा तरी असता. हा समुद्रापलीकडचा." मी म्हटलं, "आई, नागपट्टणमहून जहाज जातं, सकाळी बसलं तर दुपारी तिकडे." ती म्हणाली, "जहाज जातं गं. कागद जातो का?"

मला तेव्हा हे बोलणं कळलंच नाही.

शेवटी मामानं निकाल लावला. मामा म्हणजे आईचा भाऊ, गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळाजवळ राहतो, भजनाच्या पंगतींना स्वयंपाक करतो. तो यांना भजनाला घेऊन गेला आणि येऊन आईला म्हणाला, "अक्का, मुलाला एक अक्षर मराठी येत नाही, पण टाळ एकदाही चुकला नाही. आणखी काय पाहिजे तुला?" देवळात लग्न झालं, थोडीच माणसं, नंतर रजिस्टर ऑफिसात सह्या. यांची आई आली होती, परत जाताना माझ्या गालावर दोन्ही हात ठेवले.

आता यांच्याजवळ होता तो फिरायला आलेल्या माणसाचा व्हिसा. तो संपायच्या आत नवऱ्याचा व्हिसा करून घ्यायचा होता, म्हणजे मग इथे राहता आलं असतं, काम बघता आलं असतं. बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथल्या माणसानं सगळं भरून दिलं, फोटो लावले, आमच्या घराचा पत्ता घातला. तो म्हणाला, "आता पोलिसांकडून कोणीतरी घरी येऊन बघून जाईल, तुम्ही नवराबायको म्हणून एकत्र राहता की नाही ते. घरी असा म्हणजे झालं." कधी येणार, विचारलं तर म्हणाला, "त्यांना वेळ होईल तेव्हा."

आम्ही वाट बघायला लागलो. हे रोज सकाळी शर्ट घालून बसायचे. आई रोज थोडं जास्त ताक करून ठेवायची, येणाऱ्याला द्यायला. कोणी आलं नाही. आणि मग आडी लागली.

आडी म्हणजे तमिळ महिना, आपला आषाढ पडतो त्याच सुमाराला. नवीन लग्न झालेल्या मुलीला या महिन्यात माहेरी नेऊन ठेवतात, नवराबायकोला एका छताखाली झोपू देत नाहीत, कारण आडीत राहिलं तर मूल चित्तिरैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या उन्हात जन्मतं, आईला सोसत नाही, बाळाला सोसत नाही, आणि घरातल्या थोरांच्या जिवावर येतं असंही म्हणतात. गोविंदपुरमला दर्शनाला आलेल्या पुण्याकडच्या एका बाईंनी मला सांगितलं की तिकडे तुमच्यातही आखाड पाळतात. मग तुम्हाला कळेल. आमच्या घरात अडचण एवढीच होती की मी माहेरीच होते.

समोरच्या अक्कांनी दारातूनच विचारलं, "काय हो, आडी लागली, मुलीला माहेरी नाही पाठवली?"

आई म्हणाली, "ती माहेरीच आहे की."

"मग जावयाला पाठवा!"

सगळा रस्ता हसला. रांगोळी घालणाऱ्या बायका रांगोळी टाकून हसल्या. मीही हसले. आई हसली नाही. दुपारी भात वाढताना ती हळूच म्हणाली, "मामाकडे जाऊन राहू दे त्यांना महिनाभर."

"आई, चेष्टा केली त्यांनी."

"चेष्टा असू दे. मला एकच मूल आहे. तुझे अप्पा गेले तेव्हापासून मी कुठलीच गोष्ट अर्धी सोडत नाही."

मी यांना सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. हे म्हणाले, "आमच्याकडे आडीच्या पहिल्या दिवशी गोड कूळ, म्हणजे पेज, करतात, नारळाचं दूध, गूळ, वाटीवाटीनं पितात. बायकोला सोडून जा असं कोणी सांगत नाही." पण हसत हसतच म्हणाले, आणि पिशवी भरली. सासूला नाही म्हणायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, घरात राहतो ते तिच्या, जेवतो तिच्या हातचं. आईनं डांगर पच्चडी डब्यात घालून दिली, उडदाच्या पिठाची, दह्यातली, ती यांना आवडायला लागली होती. आणि बसमध्ये बसवून आली. स्वतः जाऊन बसवून आली.

गोविंदपुरम काही लांब नाही. मी भजनाच्या दिवशी जायचे. हे धोतर गुंडाळून पंगतीत वाढत असायचे. माझ्या पानाशी आले की पायसम दोनदा वाढायचे, आणि मामा चुलीजवळून ओरडायचा, "काय चाललंय तिकडे? आडी आहे!" सगळी पंगत मान खाली घालून हसायची. मला इतकं बरं वाटायचं तेव्हा. मला वाटायचं हा महिना म्हणजे लग्नाआधीचेच दिवस, पुन्हा एकदा मिळाले.

त्या महिन्यातच तो माणूस आला.

मी दुकानात होते. साध्या कपड्यांत आला, मोटरसायकल बाहेर लावली, आईला विचारलं, जावई कुठे आहेत. आईनं मला हे नंतर सांगितलं. पोलिसाशी ती जन्मात बोललेली नव्हती. ती म्हणाली, "नाहीत."

"बाहेर गेलेत?"

"इथे राहत नाहीत सध्या."

"आणि मुलगी?"

"मुलगी इथेच आहे."

"का, भांडण झालं?"

आता परक्या पुरुषाला ती काय सांगणार, मुलगी आणि जावई कुठे झोपतात आणि का नाही झोपत? ती खाली बघून म्हणाली, "घरातली गोष्ट आहे." त्यानं समोरच्या घरी विचारलं. अक्का देवळात गेल्या होत्या, त्यांच्या सुनेनं सांगितलं की ते पिशवी घेऊन गेले, महिन्याच्या सुरुवातीलाच गेले. तीही बिचारी पोलीस बघून घाबरली असणार. त्याला आडी सुचली नाही, कशी सुचेल? आडीत मुलगी आईकडे जाते, जावई कधी जातो का? त्यानं बघितलं ते एवढंच की नवं लग्न, परदेशी नवरा, आणि बायको आईच्या घरी एकटी.

ताक प्यायला तो. आई म्हणाली, "दोन पेले प्यायला गं, चांगला माणूस होता. मी त्याला आपलं काहीही सांगितलं नाही."

मला तेव्हाच कळलं, काहीतरी चुकलंय. पण मी त्याचा पेला विसळून ठेवला. आई इतकी खूश होती, एवढी मोठी गोष्ट एकटीनं निभावली म्हणून.

आडी संपली, हे परत आले. आणि थोड्या दिवसांनी आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावणं आलं. मी कधी अशा ऑफिसात गेले नव्हते. आत बाई होत्या, वयानं आईएवढ्या. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "तुम्ही एकत्र राहत नाही?"

मी रडायलाच लागले. हे बोलले. सगळं खरं खरं सांगितलं, आडी, सासूबाई, समोरच्या अक्का, चेष्टा, सगळं. बाई हसल्या. खरंच हसल्या, म्हणाल्या, "मलाही पाठवलं होतं, आमच्या सासूनं तर पुढचे आठ दिवससुद्धा धरले होते." मला वाटलं सुटलो. मी पदरानं तोंड पुसलं.

मग त्यांनी विचारलं, "मग महिनाभर राहिलात कुठे?"

"गोविंदपुरम. हिच्या मामांच्या घरी."

"मामांनी पोलिसांना कळवलं?"

परदेशी माणूस ज्या घरात झोपतो त्या घरानं ते कळवायचं असतं, लगेच. आमच्या घराचं कॉम्प्युटरवाल्यानं कळवलं होतं, म्हणून आम्हाला कळलंसुद्धा नव्हतं की असं काही करायचं असतं. मामाला काय कळणार? त्यानं भाचजावई घरी ठेवून घेतला होता, पान वाढलं होतं, चटई दिली होती.

बाई पुन्हा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता सांगितलंत तर मला लिहावं लागेल." मी म्हटलं, "मॅडम, आडीसुद्धा लिहा ना." त्या म्हणाल्या, "लिहीन गं. पण वाचणारा चेन्नईत नाहीतर दिल्लीत. त्याला काय समजेल?"

घरी आलो. आईला सांगायचं नाही असं आम्ही बसमध्ये ठरवलं होतं. पण माझं तोंड बघून तिनं सगळं काढून घेतलं. संध्याकाळचा दिवा लावायलासुद्धा उठली नाही, मीच लावला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर घराला कुलूप. मी घाबरले, रस्ताभर विचारत फिरले. आई पोलीस ठाण्यात गेली होती. एकटी. डब्यात वड्या घेऊन. तो मोटरसायकलवाला माणूस शोधून काढला तिनं, आणि त्याच्या समोर उभी राहिली. हे तिनंच मला सांगितलं, मी ओरडले तेव्हा.

ती त्याला म्हणाली, "सर, त्या दिवशीचं बदलून लिहा."

तो म्हणाला, "अम्मा, तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. खोटं लिहिलं का काही?"

"नाही."

"मग काय बदलू?"

आई म्हणाली, "मी सांगितलं असं लिहू नका. एका मूर्ख म्हातारीनं सांगितलं असं लिहा."

तो गडबडला. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. आडीचं कळल्यावर कपाळाला हात लावला, म्हणाला, "अम्मा, तेव्हा एक शब्द बोलला असतात! माझ्या बहिणीचीही आडीच चालू होती." पण त्याचा कागद पुढे गेला होता. त्यानं आणखी एक कागद लिहून पाठवला, मला माहीत आहे, त्यानं फोन करून सांगितलं होतं. तो कुठे गेला देव जाणे.

आमच्याकडचा पावसाळा दिवाळीच्या सुमाराला, तो सुरू झाला तेव्हा उत्तर आलं. नवऱ्याचा व्हिसा नाही. असलेला संपायच्या आत देश सोडून जायचं, आणि तिकडून पुन्हा अर्ज करायचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "घाबरू नका, तिकडून केलेला लवकर होतो." मला तेव्हा दिवस गेले होते. आडीनंतरच्या आवणी महिन्यात राहिले, आडी पाळून, सगळं नीट करून.

पोहोचवायला आम्ही तिघंही नागपट्टणमला गेलो, मी, आई आणि मामा. आत जाऊ देत नाहीत, दारातूनच परत फिरायचं. मामा यांना सारखं एकच सांगत होता, "मला माहीत असतं तर मी ठाण्यात जाऊन झोपलो असतो, माझ्या घरी कशाला..." हे त्याला म्हणाले, "मामा, पंगतीत माझ्या जागी कोणाला उभं करू नका, मी येतो." आईच्या पाया पडले. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढेचना, मागचा माणूस म्हणाला, "अम्मा, सोडा, रांग आहे." माझ्याशी हे काय बोलले ते मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे आठवायचा. माझ्या पोटाकडे बघत होते एवढं आठवतं.

मुलगी उन्हाळ्याच्या शेवटी झाली, चित्तिरै सरल्यावर. कुंभकोणच्या इस्पितळात सिस्टरनं विचारलं, बाप कुठे, मी फोन पुढे केला. त्यात हे. सिस्टरनं बाळाला फोनसमोर धरलं आणि म्हणाली, "बघा, नाक तुमचं." फोन हलत होता, कधी छत दिसायचं, कधी यांचा कान. नंतर मला कळलं की ते रस्त्यात उभे होते, कामावर जाताना, सायकल तशीच पडली होती.

तिकडून केलेला अर्ज नाकारून परत आला. का, ते लिहिलेलं नव्हतं. पुन्हा केला. यांना कोलंबोला बोलावलं, हे बसनं गेले, सगळे फोटो घेऊन गेले, लग्नाचे, बारशाचे, मी मुलीला घेऊन पाळण्याजवळ उभी आहे तो. तिथल्या माणसानं विचारलं, बारशाच्या फोटोत तुम्ही कुठे आहात? हे म्हणाले, "तुम्हीच येऊ दिलं नाहीत, मग मी कुठे असणार?" असं बोलायला नको होतं. मी फोनवर भांडले यांच्याशी, पहिल्यांदाच भांडले, खूप बोलले, आणि मग दोघंही रडलो, आणि मुलगी फोन चाटत होती.

तोही नाकारला. या वेळी लिहिलं होतं की आता काही काळ अर्जच करू नका.

यांची आई फोनवर म्हणाल्या, "तूच ये गं. इथे बायकोचा व्हिसा मिळतो. माझी सून आहेस, इथल्या पोलिसाला मी सांगते कोण कुठे झोपतं ते." त्या हसवायला बोलल्या. मी हसले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की आई मागे उभी राहून ऐकत होती.

मला जायचं आहे. आणि मला जायचं नाही. मला कुंभकोण सोडून काही येत नाही. दुकान येतं, समई कशी पुसायची ते येतं, बाजार कुठून फिरायचा ते येतं. तिथे माझ्याशी कोण मराठी बोलणार? घरात बोलायला कोणीच नाही, म्हणजे मुलगी मराठी बोलेल ती माझ्या एकटीच्या तोंडची. आणि तिथेही ऑफिस असेलच, तिथेही कोणीतरी येऊन बघून जाईल, आणि मी काहीतरी बोलेन आणि ते चुकेल. आता कोणी दार वाजवलं तरी मी आधी फटीतून बघते. दूधवाला असतो.

आईला तिथे राहायचा कागद मिळत नाही. मी विचारलं होतं. फिरायला येऊ शकते, थोडे दिवस, मग परत. जावयाच्या देशात सासूला जागा नाही. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती, म्हणाली, "मी कशाला येते? इथे घर कोण बघणार?" मी म्हटलं, "घरात आहे काय बघायला?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय."

एकदाच ती त्या गोष्टीबद्दल बोलली. मुलीचे केस धूत होती आणि एकदम म्हणाली, "माझ्यामुळे गेला तो."

मी म्हटलं, "आई, असं नको बोलू."

"माझ्यामुळेच. मी म्हटलं मूल उन्हात नको जन्मायला. उन्हात जन्मलं असतं तर काय झालं असतं? बाप तर असता हातात घ्यायला."

मला राग आहे का तिचा, मी स्वतःला विचारते. कधी कधी आहे. भांडी आपटते मी. आणि मग ती मुकाट्यानं ती भांडी उचलून परत घासते आणि मला मरावंसं वाटतं. तिनं जे केलं ते माझ्यासाठीच केलं, आणि जे झालं ते माझंच झालं, आणि आता मी जाणार तर जे व्हायचं ते तिचं एकटीचं होणार.

माझा व्हिसा झाला आहे. मुलीचाही. जहाजाचं ठरलं आहे, मामा पोहोचवायला येणार आहे. आई म्हणते, ती येणार नाही, तिचे पाय दुखतात.

आणि गेल्या काही दिवसांपासून आई मुलीला उचलत नाही.

आधी मला वाटलं कंबर धरली असेल. मुलगी रडत तिच्याकडे जायची, हात वर करायची, आई दुसरीकडे बघायची. मुलगी पडली, आई जागची हलली नाही, मला हाक मारली, "अगं, तुझी पोर पडली." तुझी पोर. जन्मल्यापासून जी तिच्याच कुशीत झोपली, जिला तिनं भात मऊ करून करून भरवला, ती एकदम माझी पोर. मी चिडले, म्हटलं, "आई, काय चाललंय तुझं? ती तुझ्यामागे मागे रडते आणि तू बघतसुद्धा नाहीस."

आई म्हणाली, "तिथे मी नसणार आहे. माझी सवय आत्ता मोडू दे. इथे रडली तर मी आहे निदान घरात. तिथे माझ्यासाठी रडायला लागली तर तू एकटी काय करशील?"

आज सकाळी मी यांच्याशी फोनवर बोलून आत आले. आई गॅसपासून दोन पावलांवर उभी राहून आमटीसाठी कोथिंबीर चिरत होती, पाठमोरी. मुलगी आता भिंत धरून चालते. ती भिंत सोडून, डुलत डुलत आईपर्यंत गेली आणि मागून तिच्या लुगड्याचा घोळ दोन्ही मुठींत धरून उभी राहिली. रडली नाही, हाक मारली नाही, नुसती धरून उभी. आईनं खाली पाहिलं नाही. आमटी उकळून उतू जायला लागली, गॅसवर सांडली, चर्र झालं, तरी आईनं भांडं उतरवायला पाऊल उचललं नाही. पाऊल उचललं असतं तर पोर पडली असती.

मी दारातच उभी राहिले. कोणाला उचलायचं ते मला कळेना.